पाच महिने हायडेलबर्ग: बॅगेत काय, फाइलीत काय

सांगलीहून एका वाचक प्राध्यापिकेचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं:

‘मी महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवते. वय 47. येत्या हिवाळी सत्रासाठी जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठाने बोलावलं आहे. ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत राहायचं, ग्रामीण महाराष्ट्रावर दोन चर्चासत्रं घ्यायची, पगार विद्यापीठाचा. एकटीच जाते आहे. शाकाहारी आहे, थायरॉइडची गोळी रोज चालू आहे. जाऊन आलेली मंडळी सांगतात, सगळं इथूनच भरून ने. घरी डाळी, पिठं, स्वेटर यांचा ढीग लागलाय आणि 23 किलोच्या दोनच बॅगा. घर अजून ठरलेलं नाही, तिथून म्हणतात आल्यावर बघू. तिकडची मुलं वर्गात कशी असतात याचीही धास्ती आहे. मुलगा नाताळात यायचं म्हणतोय. काय न्यावं, काय आधी करावं?’

ताई, ढीग अर्धा करा आणि घराच्या मागे लागा. ‘आल्यावर बघू’ हे उत्तर तुम्ही मान्य करू नका. जर्मनीतला प्रत्येक कागद पत्त्याला टांगलेला असतो. पत्ता नाही तर नोंदणी नाही, नोंदणी नाही तर कर क्रमांक नाही, आणि बँक खातंही अडतं. हॉटेलात तीन आठवडे काढणाऱ्याचा पहिला पगार त्यामुळे लांबतो.

विभागाच्या कार्यालयाला आजच लिहा आणि विद्यापीठाच्या पाहुणे-निवासात खोली मागा. सत्र तोंडावर आलं की त्या खोल्या संपतात, कारण हायडेलबर्ग लहान शहर आणि विद्यार्थी उदंड. खाजगी घर बघायची वेळ आलीच तर ते फर्निचरसकट असावं. जाहिरातीत दोन भाडी दिसतील. ‘काल्टमीटे’ म्हणजे नुसतं भाडं, ‘वार्ममीटे’ म्हणजे हीटिंग, पाणी वगैरे धरून. वीज आणि इंटरनेट त्यात आहे का ते वेगळं विचारा. अनामत रक्कम कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेइतकी घेता येते. ‘मी सध्या परदेशात आहे, पैसे पाठवा, किल्ली कुरियरने येईल’ असं सांगणारा मालक म्हणजे फसवणूक, फोटो कितीही सुंदर असोत.

घर ठरवतानाच एक प्रश्न लेखी विचारून घ्या: ‘वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग’ देणार का? नाव दातात अडकणारं आहे, कागद मात्र एका पानाचा. या व्यक्तीला मी अमुक तारखेपासून घर दिलं, एवढंच घरमालक त्यात लिहून देतो. तो नसेल तर नोंदणी होत नाही. पोटभाड्याच्या खोलीत अनेकदा हाच कागद मिळत नाही आणि मग स्वस्त खोली महागात पडते.

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नागरिक कार्यालयात, म्हणजे ‘ब्युर्गरआम्ट’मध्ये नोंदणी करायची असते. ऑक्टोबरात सगळं विद्यापीठ तिथे लोटतं. म्हणून घराची तारीख कळताच इथूनच ऑनलाइन वेळ घ्या. चौदा दिवसांतली वेळ मिळाली नाही तर पुढची घ्या, पण ती आरक्षित केल्याचा ईमेल जपून ठेवा. जाताना पासपोर्ट, मालकाचा कागद आणि भरलेला अर्ज न्या. अर्जात धर्माचा रकाना असतो, तो चर्चकरासाठी, म्हणजे चर्चच्या सदस्यांच्या पगारातून कापल्या जाणाऱ्या करासाठी. तुम्हाला तो लागू नाही, रकाना कोरा ठेवला तरी चालतं.

त्याच दिवशी पत्रपेटीवर नाव लावा. तिथला पोस्टमन घर क्रमांक पाहून पत्र टाकत नाही, पेटीवरचं नाव पाहून टाकतो. इमारतीत वीस पेट्या आणि एकीवरही तुमचं आडनाव नाही, तर पत्र परत जातं. कर क्रमांक, बँकेचं कार्ड, त्याचा पिन, विमा कार्ड ही सगळी पत्रं पोस्टानेच येतात, बहुतेक वेगवेगळ्या दिवशी. नाव पासपोर्टातल्यासारखंच लिहा. मधलं नाव कधी घातलं, कधी गाळलं, की बँकेत अडचण येते.

कर क्रमांक नोंदणीनंतर दोन-चार आठवड्यांनी येतो. तो वेळेत वेतन विभागाला दिला नाही तर पगारातून जास्त दराने कर कापला जाऊ शकतो. पगार महिन्याच्या शेवटी जमा होतो. या सगळ्याचा हिशेब केला तर अनामत, पहिलं भाडं आणि दोन महिन्यांचा खर्च हाताशी असायला हवा. रोख युरो थोडे, बाकी फॉरेक्स कार्डात. परकीय चलनी नोटा एका प्रवासात तीन हजार डॉलरच्या मोलापर्यंतच नेता येतात. घरी स्वयंपाक करणाऱ्या एका माणसाचा किराणा महिन्याला दोनशे ते अडीचशे युरोत बसतो.

नोंदणी झाली की न बोलावता एक पत्र येतं: रेडिओ-टीव्हीची वर्गणी. महिना 18.36 युरो. टीव्ही असो वा नसो, दर घरामागे द्यावी लागते. लोक जाहिरात समजून फेकून देतात आणि नंतर दंडाची नोटीस येते. घरात आधीपासून कुणी ती भरत असेल तर त्यांचा वर्गणी क्रमांक कळवा, तुम्हाला वेगळी पडणार नाही. एकटीचं घर असेल तर भरायची.

पाच महिन्यांसाठी जाणाऱ्याने काहीही घेताना ‘हे बंद कसं करायचं’ हे आधी विचारावं. मोबाइलचं स्वस्त वाटणारं कंत्राट दोन वर्षांचं निघतं. तुम्ही प्रीपेड सिम घ्या, पासपोर्ट दाखवून चालू करून मिळतं. लोकल गाड्या, ट्राम आणि बससाठी देशभर चालणारं ‘डॉइचलांडटिकेट’ 2026 पासून महिना 63 युरोला आहे. ते दर महिन्याला आपोआप पुढे चालू राहतं. फेब्रुवारीत थांबवायचं तर फेब्रुवारीच्या 10 तारखेपर्यंत रद्द करा, नाहीतर मार्चचेही पैसे जातील. आयसीई, म्हणजे लांब पल्ल्याच्या वेगवान गाडीत ते चालत नाही. फ्रँकफर्ट विमानतळाहून मानहाइमपर्यंत आयसीईने येणार असाल तर त्याचं तिकीट वेगळं, पुढे हायडेलबर्गला लोकल आहे. आणि जर्मन गाड्या वेळेवर धावतात या समजुतीवर गाडी बदलायला सात मिनिटं ठेवू नका, अर्धा तास ठेवा.

भारतातलं सिम चालू राहू द्या. बँकेचे ओटीपी त्यावरच येणार. आंतरराष्ट्रीय रोमिंग निघण्याआधी सुरू करा आणि फेब्रुवारीअखेरपर्यंत पुरेल असं रिचार्ज करून ठेवा. तिथे पोहोचल्यावर लक्षात आलं तर रोमिंग सुरू करायलाच ओटीपी लागतो.

आता बॅग. दूध आणि मांस यांपासून केलेले पदार्थ युरोपीय संघाबाहेरून प्रवासी सामानात नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, खव्याची बर्फी घरीच. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता यांना रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं, तेही सोडा. कस्टमवाल्यांनी बॅग उघडली तर माल जप्त होतो, दंडही होऊ शकतो. तूरडाळ, पोहे, कणीक भारतीय दुकानात मिळते, मसूर आणि हरभरे तर साध्या सुपरमार्केटातही. तुर्की दुकानात कोथिंबीर, हिरवी मिरची, भेंडी मिळते. न्यायचं ते मिळत नाही तेवढंच: गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, आमसूल, भाजणी, मेतकूट, हिंग. प्रत्येकी पाव ते अर्धा किलो, हिंगाची डबी दोन पिशव्यांत गुंडाळून. सगळं मिळून चार किलोच्या आत बसतं.

भांड्यांत तीन लिटरचा स्टीलचा कुकर न्या, सोबत जादा रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह. ॲल्युमिनियमचा नको. शेगडी इंडक्शनची निघाली तर तो तापणारच नाही. बुडाला चुंबक चिकटलं तर भांडं इंडक्शनवर चालतं, ही परीक्षा दुकानातच करा. लाटणं न्या, पोळपाट नको, ओटा पुसून त्यावर लाटता येतं. मिक्सरही नको. आपला तीन पिनांचा प्लग तिथल्या सॉकेटात बसत नाही आणि स्वस्त ॲडॉप्टरला अर्थिंग नसतं. तिथे हँड ब्लेंडर घेतलेला बरा, चटणीपुरता पुरतो. मात्र रात्री दहा ते सकाळी सहा शांततेची वेळ, तेव्हा चटणी वाटायची नाही.

इंडक्शन नसेल तर काचेखाली कॉइल असलेली शेगडी असेल. हिच्यावर पहिल्या आठवड्यात प्रत्येकाची फोडणी करपते. कारण गॅसची ज्योत बंद केली की उष्णता थांबते, इथे काच पुढची पाच-सात मिनिटं तापलेली राहते. मोहरी तडतडली की बटण फिरवून उपयोग नाही, कढलंच उचलून बाजूला ठेवा. दूधही असंच उतू जातं. काचेवरचा लाल दिवा विझेपर्यंत तिथे प्लास्टिकचा डबा ठेवू नका.

फोडणीचा दुसरा प्रश्न धुराच्या अलार्मचा. झोपायची खोली आणि बाहेर पडायची वाट इथे अलार्म लावणं बंधनकारक आहे. चुलीवरचा पंखा बऱ्याच घरांत हवा बाहेर टाकत नाही, गाळून पुन्हा खोलीतच सोडतो. म्हणून आधी स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडा, खोलीकडचं दार लावा, मग तेल तापवा. बाहेर दोन अंश असले तरी दहा मिनिटांत काही होत नाही.

पोळ्यांसाठी भारतीय दुकानातली कणीक उत्तम. ती संपली तर सुपरमार्केटातलं पीठ बघा. त्यावर 405, 550, 1050 असे आकडे असतात. शंभर ग्रॅम पीठ जाळल्यावर उरणारी राख किती मिलिग्रॅम, तो हा आकडा. आकडा मोठा तितका कोंडा जास्त. 405 म्हणजे जवळपास मैदा. अख्ख्या गव्हाच्या ‘फोलकॉर्न’ पिठात कोंडा जाडसर असतो, पोळी कडेला फाटते. ते आणि 1050 निम्मं-निम्मं घ्या, पाणी नेहमीपेक्षा थोडं जास्त, आणि अर्धा तास झाकून ठेवा. ‘हिर्झे’ नावाने मिळतं ते वरीच्या जातीचं, बाजरी नव्हे, त्याच्या भाकरीच्या नादी लागू नका. आपला मऊ भात हवा तर खिरीसाठी विकतात तो आखूड तांदूळ, ‘मिल्शराइस’, घ्या.

तूप घरी कढवा. लोण्याची पाव किलोची वडी मिळते, तिचं साधारण दोनशे ग्रॅम तूप होतं. वेष्टनावर ‘झाउअररामबुटर’ असेल ती घ्या. ते विरजलेल्या सायीचं लोणी, त्याच्या तुपाला घरच्यासारखा वास येतो. दह्यासाठी साडेतीन टक्के स्निग्धांशाचं दूध आणि साध्या दह्याच्या डब्यातलं चमचाभर विरजण. रात्री ओव्हनचा फक्त दिवा लावून आत ठेवलं तर सकाळपर्यंत लागतं.

शाकाहाराबाबत सावधपणा मांसापुरता पुरत नाही. जेली, चघळायच्या गोळ्या, काही गोड दह्यांतही जिलेटिन असतं. चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट असू शकतं. पाकिटावर पिवळं-हिरवं ‘व्ही’ चिन्ह बघा. विद्यापीठाच्या ‘मेन्सा’त, म्हणजे भोजनालयात, रोज एखादा वनस्पतीजन्य पदार्थ असतोच.

रविवारी दुकानं बंद. बेकऱ्या सकाळी काही तास आणि स्टेशनातली दुकानं एवढीच उघडी. हायडेलबर्ग ज्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात आहे तिथे 1 नोव्हेंबर आणि 6 जानेवारीलाही सुट्टी असते. नाताळात 24 ला दुपारीच शटर पडतं, 25 आणि 26 बंद, आणि त्याला जोडून रविवार आला तर सलग तीन दिवस. दूध, भाजी, गोळ्या 23 लाच आणून ठेवा. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या आणि पेयांचे कॅन फेकू नका. बऱ्याचशांवर 25 सेंट अनामत असते, सुपरमार्केटातल्या यंत्रात टाकलं की पावती मिळते. नळाचं पाणी पिण्याचंच आहे, त्यामुळे बाटल्या घ्यायची गरजही नाही.

थंडीची भीती फार बाळगू नका. जानेवारीत हायडेलबर्ग बहुतेक शून्य ते सहा अंशांत असतं. त्रास होतो तो अंधाराचा. डिसेंबरात सव्वाआठला उजाडतं आणि साडेचारला मावळतं. दुपारच्या जेवणानंतर अर्धा तास बाहेर चाला, तीच उजेडाची वेळ. स्वेटरांचा ढीग घरी ठेवा. एक गरम आतला जोड, दोन पातळ लोकरी स्वेटर न्या, बाकी वाऱ्या-पावसाचं जाकीट आणि पाणी न शिरणारे बूट तिथेच घ्या. इथल्या जाड जाकिटाला तिथली रिपरिप सोसत नाही.

घर गरम ठेवण्यात एक गोम आहे. हीटरच्या नॉबवर 1 ते 5 आकडे असतात, 3 म्हणजे सुमारे 20 अंश. 5 वर केल्याने खोली लवकर तापत नाही, फक्त जास्त तापते आणि बिल वाढतं. दिवसातून दोन-तीनदा हीटर बंद करून खिडकी पूर्ण उघडायची, पाच-दहा मिनिटं, मग बंद. खिडकी दिवसभर तिरकी उघडी ठेवली तर भिंत गार पडते, वाफ तिच्यावर बसते आणि कोपऱ्यात काळी बुरशी येते. कुकरच्या शिट्ट्या आणि खोलीत वाळत घातलेले कपडे यांनी ती लवकर येते. मग अनामतीतून रंगकामाचे पैसे कापले जातात. आत शिरल्या दिवशी प्रत्येक भिंतीचे फोटो काढून मालकाला ईमेल करा.

गोळीबद्दल. स्वतःपुरती औषधं तीन महिन्यांच्या गरजेइतकीच नेता येतात. तुमचं राहणं पाच महिन्यांचं. तेव्हा डॉक्टरांकडून इंग्रजीत चिठ्ठी घ्या, त्यात ब्रँड नको, औषधाचं मूळ नाव म्हणजे ‘लेव्होथायरॉक्सिन’ आणि मायक्रोग्रॅममधली मात्रा. नोव्हेंबरात तिथल्या फॅमिली डॉक्टरांची वेळ घ्या, गोळ्या संपायच्या आठवड्यात नव्हे, नव्या रुग्णाला थांबावं लागतं. पगारी नोकरी असल्याने बहुधा तुम्ही सरकारी विमा योजनेत जाल, मात्र करार सुरू होण्याआधीच्या दिवसांसाठी प्रवास विमा हवाच. जिवावरचं असेल तर 112. रात्री-बेरात्री ताप आला, दवाखाना बंद आहे, तर 116117.

वर्गाबद्दल मात्र धास्ती सोडा. हायडेलबर्गचं दक्षिण आशिया संस्थान 1962 पासून आहे. खंडोबावर आयुष्यभर काम केलेले गुंथर सोंथायमर तिथलेच, त्यामुळे ग्रंथालयात मराठी पुस्तकं आहेत. तेव्हा ‘भारत हा विविधतेने नटलेला देश’ इथून सुरुवात नको. एखादा तालुका घ्या, ऊस आणि सहकार घ्या आणि थेट आत शिरा.

वेळापत्रकात 14 ते 16 लिहिलं असेल तर तास सव्वादोनला सुरू होऊन पावणेचारला संपतो. आकड्यापुढे ‘सी. टी.’ म्हणजे ही पंधरा मिनिटांची सूट, ‘एस. टी.’ म्हणजे ठोक्याला (आपल्या एसटीच्या अगदी उलट). परीक्षा आणि कार्यालयीन भेटी ठोक्यालाच. तुम्ही आत आलात तर कुणी उभं राहणार नाही. मुलं पाण्याची बाटली उघडतील, एखादी विणतही बसेल. तास संपल्यावर बोटांच्या पेरांनी बाक ठोकतील, ती दाद असते. प्रश्न विचारल्यावर शांतता पसरली तर स्वतःच उत्तर देऊन टाकू नका, मनात दहापर्यंत मोजा. ‘मला तुमचा मुद्दा पटला नाही’ असं पहिल्याच तासाला कुणी म्हणालं तर तो अपमान नाही, त्याने वाचून आल्याची खूण आहे.

परीक्षेचा प्रकार तुम्ही ठरवायचा नसतो, तो विषयाच्या नियमपुस्तिकेत छापलेला असतो. ऑगस्टमध्येच ती मागवा. चर्चासत्राला बहुधा एक सादरीकरण आणि सत्रअखेरीस निबंध असतो. गुण 1.0 पासून 4.0 पर्यंत, 1.0 सर्वोत्तम, 5.0 म्हणजे नापास. आपल्या सवयीने चांगल्याला मोठा आकडा देऊन बसाल, तेवढं सांभाळा. निबंधांची मुदत अनेकदा मार्चअखेर असते, तेव्हा तुम्ही सांगलीत असाल. म्हणून विभागाशी बोलून मुदत फेब्रुवारीच्या मध्यावर आणा, किंवा विद्यापीठाचं ईमेल खातं एप्रिलअखेरपर्यंत चालू राहील असं लेखी घ्या. वाचनासाठी पुस्तकाचं जास्तीत जास्त 15 टक्के स्कॅन करून देता येतं, तेही पासवर्ड असलेल्या ‘मूडल’ या अध्यापनाच्या संकेतस्थळावर, फक्त त्या वर्गाला. वर्गाचा व्हॉट्सॲप गट काढू नका आणि नावासकट गुणांची यादी दारावर लावू नका.

परत निघताना पत्त्याची नोंद रद्द करायची असते. निघण्याच्या आठवडाभर आधीपासून ती करता येते. तिचा दाखला मिळतो, तो दाखवल्यावरच रेडिओ वर्गणी आणि विमा बंद होतो. अनामत परत यायला काही महिने लागू शकतात, म्हणून बँक खातं लगेच मोडू नका. तुमचा पगार दोन कॅलेंडर वर्षांत विभागला जाईल, त्यामुळे कापलेला काही कर परत मिळण्याची शक्यता आहे. दोन्ही वर्षांची वेतनकर प्रमाणपत्रं सोबत आणा आणि करसल्लागाराला दाखवा.

मुलाच्या व्हिसाचं आत्ताच हाती घ्या. शेंगेन, म्हणजे थोड्या दिवसांच्या युरोपभेटीच्या व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. नाताळासाठी भेटीच्या वेळा लवकर भरतात, तेव्हा तुम्ही निघण्याआधी, सप्टेंबरातच त्याचा अर्ज गेला पाहिजे. शुल्क 90 युरो, प्रवास विमा किमान 30 हजार युरोचा. राहण्याची सोय ‘आईकडे’ असं लिहायचं असेल तर तुमचं निमंत्रण आणि कराराची प्रत लागेल. पाहुणे-निवासात दुसऱ्या माणसाला किती रात्री राहता येतं हे खोली मागतानाच विचारा, काही ठिकाणी त्याचं वेगळं भाडं पडतं.